कंपास परत परत चुकीची दिशा दाखवतोय? फेकून द्यायच्या आधी हे करून बघा

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न मला कोणीतरी विचारतंच. कंपास नवा घेतलाय पण नॉर्थ चुकीची दाखवतो, दुकानदार बदलून देत नाही, काय करू. मी विचारतो किती चुकतो? समोरून उत्तर, किती म्हणजे काय, चुकतो म्हणजे चुकतो!

अहो पण सगळी गोम तिथेच आहे. किती चुकतो आणि कधी चुकतो हे नीट बघितलं की रोग आपोआप कळतो. बरोब्बर उलटा, म्हणजे १८० अंश फिरलेला असेल तर ते एक दुखणं. एका जागी ठीक आणि दहा पावलं पुढे गेलं की भलतंच, हे वेगळं दुखणं. कुठेही जा, तेवढाच फरक, हे तिसरं. आणि काटा बिचारा बरोबर उत्तरेकडेच आहे पण तुम्ही चाललाय तिसरीकडे, हे चौथं, आणि खरं सांगू का, निम्म्या वेळा हेच असतं, फक्त कोणी कबूल करत नाही.

माझा स्वतःचा उलटा झाला तो केटूएसला. ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी, कात्रज ते सिंहगड, जुन्या बोगद्याजवळच्या वाघजाईच्या देवळापासून रात्री निघायचं आणि टेकड्या मोजत पश्चिमेकडे चालत राहायचं, दिशा जरा दक्षिणेला कललेली. उजव्या हाताला सगळा वेळ पुण्याचे दिवे, डाव्या हाताला शिवापूरकडचे. आकाश मोकळं असेल तर कंपासची गरजच नाही खरंतर. पण आमच्या वेळी सातव्या-आठव्या टेकडीवर असं धुकं आलं की पुढच्या माणसाची सॅक दिसेना. मी मोठ्या रुबाबात कंपास काढला, तर तो म्हणतोय आपण पूर्वेला तोंड करून चाललोय. मग काय, कंपास खोटं कशाला बोलेल असं म्हणत मी अकरा माणसांना मागे फिरवलं आणि चांगली वीस मिनिटं चालवलं. धुकं जरा फाटलं तेव्हा सिंहगडावरच्या टॉवरचा लाल दिवा आमच्या पाठीमागे लुकलुकत होता. त्यावरून मला अजूनही ऐकून घ्यावं लागतं, चहाला बसलो की कोणीतरी विचारतंच, काय रे पूर्व कुठेय.

कारण घरी आल्यावर सापडलं. दोन महिने कंपास सॅकच्या वरच्या कप्प्यात पडलेला आणि त्याच कप्प्यात मी फोन टाकायचो, फ्लिप कव्हरसकट. त्या कव्हरच्या फ्लॅपमध्ये छोटं पण दणकट चुंबक असतं, ते टपकन बंद होतं ना, ते त्यामुळेच. कंपासचा काटा म्हणजे पण एक बारीकसं चुंबकच. त्याच्या शेजारी त्याच्यापेक्षा ताकदवान चुंबक उलट्या बाजूने येऊन बसलं की काट्याचं चुंबकत्व पुसलं जातं, आणि नशीब फारच फुटकं असेल तर उलटंच होऊन बसतं. उत्तर दाखवणारं लाल टोक दक्षिणेकडे. रंग तोच, काटा तोच, आतून माणूस बदललेला!

फ्लिप कव्हर हा एकच गुन्हेगार नाही. मागे चुंबक असलेले ते चिकटणारे चार्जर आणि पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर, इअरबड्सची डबी, गाडीतला फोन होल्डर, टॅबलेटचं कव्हर, सगळ्यात चुंबक आहे. आणि एक असं जे कोणाच्या लक्षातच येत नाही, सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची, म्हणजे ब्लॅडरची नळी छातीवरच्या पट्ट्याला चिकटवायला जी क्लिप येते ती. बऱ्याच क्लिपा चुंबकाच्याच असतात, आणि आपण रीडिंग घेताना कंपास धरतो कुठे, तर छातीसमोर, त्या क्लिपच्या चार बोटांवर. एकाचा कंपास मी असाच 'दुरुस्त' केला, फक्त नळी काढून पाठीमागे टाकली. बाकी काहीही केलं नाही. चहा मात्र घेतला.

उलटा झालाय का नाही हे घरबसल्या कसं बघायचं? पुण्यात सोप्पं आहे. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवरच्या डिश बघा. आपल्याकडचे टीव्हीचे उपग्रह पुण्याच्या मानाने पूर्वेकडे आणि विषुववृत्तावर आहेत, त्यामुळे सगळ्या डिश साधारण आग्नेयेकडे तोंड करून असतात, कंपनीप्रमाणे थोडं इकडे तिकडे. तुमच्या कंपासप्रमाणे सगळी सोसायटी जर वायव्येकडे बघत असेल तर सोसायटीचं काही चुकलेलं नाही. रात्री ध्रुवतारा. पुण्यातून तो फार उंच नसतो, क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंश, म्हणजे हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या तर दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेच्या किंचित खाली. खऱ्या उत्तरेपासून तो एक अंशही ढळत नाही.

दुपारच्या सावलीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दुपारी सावली उत्तरेकडे पडते असं आपण शाळेत शिकलो, पण साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य पुण्याच्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो आणि भर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. तीही बारा वाजता नाही, आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या आसपास. नेमके हेच दिवस ट्रेक सुरू व्हायचे. घड्याळाचे काटे सूर्याकडे धरून दिशा काढायची ती युक्तीपण या दिवसांत इथे कामाची नाही.

बरं, उलटा निघाला तर परत सुलटा करता येतो. एक जोरदार चुंबक लागेल. फ्रिजवर लावायचं ते लवचिक रबरी नको, त्यात उत्तर-दक्षिण पट्ट्यापट्ट्यांनी असतं. जुन्या हार्ड डिस्कमधलंपण नको, त्याच्या एकाच बाजूवर दोन्ही ध्रुव असतात आणि डोक्याला ताप होतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुन्या स्पीकरचं गोल चुंबक मिळून जातं, किंवा सरळ निओडिमियमचं छोटं चुंबक घ्या.

आधी चुंबकाची कुठली बाजू कुठली ते ठरवा. मित्राचा चांगला कंपास घ्या, चुंबक लांबून हळूहळू जवळ आणा, ज्या बाजूकडे लाल टोक ओढलं जाईल ती चुंबकाची दक्षिण बाजू. तिच्यावर मार्करने फुली मारा. फार जवळ नेऊ नका, नाहीतर एका पेशंटचे दोन होतील. आता आपला उलटा कंपास लाकडी टेबलावर घ्या आणि थोडा तिरका धरा म्हणजे काटा आत घासून अडकेल आणि फिरणार नाही. फुलीची बाजू काट्याच्या मध्यावर काचेला टेकवायची, लाल टोकाकडे ओढत न्यायची, टोकाच्याही पुढे जाऊ द्यायची आणि मग वर उचलून लांबून वळसा घालून परत मध्यावर आणायची. येताना घासत आणायची नाही, केलेलं सगळं पुसलं जातं. असं पाच-सहा वेळा. पहिल्या एक-दोन प्रयत्नांत काटा सुटून गरकन फिरतो आणि शिवी येते तोंडात, ते चालायचंच, परत तिरका करा, परत सुरू. मला चौथ्या वेळी जमलं.

जमलं का ते तपासायला चुंबक दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग कंपास आडवा धरून शेजारी किल्ली आणा, काटा हलला की किल्ली लांब न्या, काटा परत कुठल्या आकड्यावर थांबतो ते बघा. दुसऱ्या बाजूने किल्ली आणून परत तेच. दोन्ही वेळा आकडा तोच यायला हवा आणि काटा झटकन थांबायला हवा. चार-पाच अंशांचा फरक येत असेल, काटा आळसावल्यासारखा वाटेल तिथे उभा राहत असेल, तर एकतर चुंबकत्व अर्धवट आलंय किंवा आतली टोकदार खुंटी झिजलीय. खुंटी झिजली असेल तर मात्र नवीन घ्या, तिथे काही इलाज नाही.

आता दुसरं दुखणं, इथे बरोबर आणि तिथे चूक. हे कंपासचं दुखणंच नाही, तुमच्या आजूबाजूचं आहे. खूप जण कंपास घरातल्या टेबलावर किंवा गच्चीत तपासतात. स्लॅबमध्ये सळया, कठड्यात सळया, पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, आणि त्यावर म्हणायचं कंपास खराब! वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला जा, मोकळ्या जागी छातीच्या उंचीवर धरा आणि मग बोला. गाडीच्या बॉनेटवर ठेवून रीडिंग घेणारेपण बघितलेत मी.

कुठली वस्तू किती त्रास देते हे पाठ करायची गरज नाही. कंपास दगडावर नको, लाकडी पाटावर किंवा पुस्तकावर ठेवा, काटा थांबू द्या, मग आपली एकेक वस्तू लांबून जवळ आणा आणि काटा कुठे हलतो ते बघा. फोन, घड्याळ, हेडटॉर्च, पट्ट्याचं बक्कल, चाकू, ट्रेकिंग पोल. एकदा करून ठेवलं की आयुष्यभर पुरतं. अॅल्युमिनियमचं कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची कडी, काही करत नाही, स्टीलचं करतं.

आणि मग आपला सह्याद्री. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा वाहून झालेला, आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज असतं, म्हणजे दगड स्वतःच थोडासा चुंबक. गंमत अशी की यातला बराचसा लाव्हा थिजला त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच आजच्या उलटे होते आणि दगडाने ती दिशा अजून धरून ठेवलीय. म्हणजे माझा कंपास दोन महिन्यांत उलटा झाला यात नवल ते काय, पृथ्वीनेपण हे केलेलं आहे. शिवाय उघड्या सुळक्यांवर, माथ्यावर वीज पडते तेव्हा तिच्या करंटने तिथला दगड आणखी जोरात चुंबकला जातो. त्यामुळे कातळावर कंपास टेकवून रीडिंग घेतलं की काटा वाटेल तिथे जाऊ शकतो, आणि तोच कंपास उचलून छातीशी धरला की सरळ येतो.

संशय आला तर एक जुना सर्व्हेवाल्यांचा उपाय आहे, सिव्हिलच्या पोरांना माहीत असेल, आजूबाजूच्या अशा ओढीला ते लोकल अॅट्रॅक्शन म्हणतात. इथून समोरच्या झाडाचं बेअरिंग घ्या, म्हणजे ते उत्तरेपासून किती अंशांवर आहे तो आकडा, समजा ७०. मग मित्राला इथेच उभा करून त्या झाडापाशी जा आणि उलट मित्राचं बेअरिंग घ्या. २५० यायला हवं, बरोब्बर १८० चा फरक. २३८ आलं तर दोघांपैकी एका जागी काहीतरी ओढतंय. मग तिसऱ्या जागेवरून दोन्हींशी अशीच उलटसुलट जोडी घेऊन बघा, जिची जुळत नाही ती जागा चोर.

ही काळजी किती घ्यायची असते याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती, शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या करंटने मोजमापं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय काम उचलून अलिबागला नेलं. तिथे ते अजून चालू आहे. आणि आम्ही लोखंडी रेलिंगला टेकून नॉर्थ शोधतो.

तिसरं, कुठेही जा तेवढाच फरक. हे डेक्लिनेशनचं. नकाशावरची खरी उत्तर आणि काटा दाखवतो ती उत्तर यात जागेप्रमाणे फरक असतो. पुण्यात तो एका अंशाच्याही आत आहे, म्हणजे आपल्या ट्रेकसाठी शून्यच धरा. पण लोक अमेरिकेतले व्हिडिओ बघतात, तिथला माणूस सांगतो आधी डेक्लिनेशन सेट करा, स्क्रू फिरवा, आणि आपले लोक इमानेइतबारे फिरवतात. सिएटलकडे तो फरक साधारण १५ अंश पूर्वेला आहे. तेवढं सेटिंग घेऊन तुम्ही मुळशीत फिरलात तर एका किलोमीटरला जवळपास २६० मीटर बाजूला जाल. डायलच्या मागे बारीक स्क्रू किंवा छोटी आकड्यांची पट्टी असेल तर ती शून्यावर आहे का बघा. सेकंड हँड घेतला असेल तर नक्कीच बघा.

परदेशातून कोणी पाठवलेल्या कंपासमध्ये अजून एक भानगड असते. पृथ्वीचं चुंबकीय बल नुसतं आडवं नसतं, उत्तर गोलार्धात ते खालीपण ओढतं, जितकं उत्तरेला जाल तितकं जास्त. म्हणून तिकडच्या कंपनीने काट्याच्या दक्षिण टोकाला थोडं वजन दिलेलं असतं. आपण तर चुंबकीय विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, ते तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडून जातं, त्यामुळे इथे खालची ओढ कमी आणि ते वजन नुसतंच भारी पडतं, पांढरं, म्हणजे दक्षिणेचं टोक खाली झुकून तळाला घासतं. कंपास किंचित तिरका धरून काटा मोकळा झाला तर हेच कारण. काम भागवता येतं, पण परत घेताना आपल्या झोनचा, म्हणजे आपल्या भागासाठी वजन जुळवलेला, किंवा कुठेही चालणाऱ्या ग्लोबल काट्याचा बघून घ्या.

बुडबुड्याबद्दलपण विचारतात. मुगाच्या डाळीएवढा बुडबुडा असेल तर दुर्लक्ष करा, थंडीत किंवा उंचीवर येतो आणि खाली आलं की जातो. मोठा होत चालला असेल तर तेल गळतंय, संपला विषय.

फोनमधल्या कंपासला वरचं चुंबकाचं आणि लोखंडाचं सगळं लागू आहे, आत सेन्सर असतो आणि तोही त्याच कव्हरमुळे चकतो. कव्हर काढा, हवेत इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखा फोन चार वेळा फिरवा, बहुतेक वेळा ठीक होतो. बॅटरी संपल्यावर होत नाही.

आता चौथं, आपलं स्वतःचं. नकाशावरून बेअरिंग काढताना दोन जागी माती खातात लोक. कंपासच्या खालच्या पारदर्शक पट्टीची कड मी कुठे आहे आणि जायचंय कुठे या दोन जागांना लावायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण पट्टीवरचा मोठा बाण जायच्या जागेकडे ठेवायचा असतो, तो आपल्याकडे ठेवला जातो. किंवा डायल फिरवताना आतल्या रेघा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेघांना लावतात, पण डायलवरचा उत्तरेचा बाण नकाशाच्या खालच्या बाजूला. दोन्हींत आकडा १८० ने चुकतो आणि मग ओरड, कंपास उलटा झाला! दोन्ही चुका एकदम केल्या तर आकडा बरोबर येतो, तो भाग वेगळा. म्हणून नंबर काढायच्या आधी नुसतं तोंडाने सांगायचं, बोगद्यापासून सिंहगड म्हणजे पश्चिमेकडे, आकडा २७० च्या अलीकडे यायला हवा. ७० आला तर तिथल्या तिथे कळतं.

माझा इलाज झालेला कंपास मी सिंहगडावर नेऊन तपासला, तुम्हीपण तसंच करा. मोकळं आकाश असलेल्या सकाळी जा, टॉवर आणि गाड्यांपासून चांगलं लांब, कातळावर न टेकवता, फोन मित्राकडे देऊन. राजगडाचा बालेकिल्ला साधारण २१० ला दिसला पाहिजे, तोरणा २३५ ते २४० च्या मध्ये, आणि हवा स्वच्छ असेल तर दुसऱ्या बाजूला पुरंदर ११० ते ११५ ला. दोन-तीन अंश इकडे तिकडे ते तुमच्या हाताचे. तिन्ही एकाच बाजूला सारखेच चुकले तर स्क्रू बघा, तिन्ही उलटे आले तर चुंबक काढा, प्रत्येक वेगळाच चुकला तर पन्नास पावलं सरकून परत घ्या. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही होईपर्यंत एवढं सगळं आरामात होतं. आणि इतकं करूनही नाहीच जुळलं, तर मग खुशाल दुकानदाराशी भांडा, बिल मात्र बरोबर न्या.